भिंतीवरचा हात

आईने सुरी कुठून आणली, हा काही मुलाला पडावा असा पहिला प्रश्न नव्हे. पण मला तोच पडला. दारवान धापा टाकत मीटिंगच्या खोलीत आला, संचालक मॅडमच्या कानाशी काहीतरी पुटपुटला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या आईनं... सेनापतींना..." आणि पुढचं त्याच्या तोंडून निघेचना. जिना उतरताना माझ्या डोक्यात एवढंच, की ह्या बाईनं पिशवीत सुरी टाकली कधी, आणि कुठली, भाजीची की फळांची. संग्रहालयाच्या तळमजल्यावर आमचा दुरुस्ती विभाग. तिथं दारात पोचलो तर सुरी माझीच. माझ्याच ट्रेमधली, बारीक पात्याची, कागदावरचा रंग कागद न फाडता उचलते ती. आईनं ती पुसून, पुन्हा ट्रेमध्ये, बाकीच्या सुऱ्यांच्या रांगेत सरळ ठेवली होती. घरी भाजी चिरून झाली की ठेवते, अगदी तशी. स्वतः माझ्या स्टुलावर बसली होती, मांडीवर माझ्या चष्म्याचं घर. "चष्मा विसरला होतास," ती म्हणाली. "तेवढा द्यायला आले." तिच्या मागे ईझलवर सेनापती उभे होते, सात फूट उंच, आणि नकाशावर टेकवलेल्या त्यांच्या उजव्या हाताच्या जागी कॅनव्हासच्या चिंध्या लोंबत होत्या. खाली फरशीवर रंगाचे टवके. मी गुडघ्यांवर बसलो आणि चिमट्याने टवके वेचायला लागलो. आईकडे बघितलंसुद्धा नाही. बावीस वर्षं हाच धंदा केल्यावर माणूस असा होतो.

"नशीब, तोंड वाचलं!" मॅडम म्हणाल्या. मग पोलीस आले, त्यांनीही तेच म्हटलं. संध्याकाळपर्यंत सेनापतींच्या स्मृतिसमितीचे अध्यक्ष, एक निवृत्त कर्नल, काठी आपटत आले आणि त्यांनीही चित्रापुढे उभं राहून सुस्कारा सोडला, "म्हातारीचा हात पोचला नाही, बरं झालं." हात पोचला नाही म्हणे! मी ज्या शिडीवर चढून सेनापतींचं कपाळ साफ करतो ती तीन पायऱ्यांची शिडी ईझलला टेकून उभी होती. आई शहाहत्तर वर्षांची आहे, पण अजून स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढते. आणि साठ वर्षं भाजी चिरणाऱ्या बाईचा नेम चुकला असं म्हणणाऱ्यांनी ते तीन वार नीट बघितलेच नव्हते. पहिला मनगटावर, आडवा. दुसरा बोटांच्या मुळांवरून. तिसरा अंगठ्याच्या बुडातून तिरका, तिथं ती जरा थांबली असणार, कारण तिथं सुरी दोनदा फिरली होती. बाहीच्या सोनेरी काठाला धक्का नाही, नकाशाला धक्का नाही. एवढं स्वच्छ काम मलाही जमलं नसतं.

सेनापती कोण ते मी कशाला सांगू. चौकाला त्यांचं नाव, इस्पितळाला त्यांचं नाव, गुलाबाच्या एका जातीलाही त्यांचं नाव. पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर दीड पान आहे. त्यात पुलाची लढाई आहे, आणि 'सेनापतींनी शत्रूच्या ताब्यातील पूल मोकळा केला' हे वाक्य आहे. आमच्या बाईंनी ते आम्हांला पाठ करायला लावलं होतं. चित्र त्यानंतर दोन वर्षांनी काढलेलं. पन्नासहून जास्त वर्षं ते छावणीच्या भोजनगृहात टांगलेलं होतं, तंबाखूच्या धुराने आणि रश्श्याच्या वाफेने इतकं काळवंडलेलं, की सेनापती तळघरातून वर येताहेत असं वाटायचं. पुलाच्या लढाईला साठ वर्षं होणार, त्याचा समारंभ, म्हणून तीन महिन्यांपूर्वी ते माझ्याकडे आलं. अशी काजळी काढायला थुंकीसारखं औषध नाही. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, चित्रावर हलके गोल फिरवायचा, टाकून द्यायचा, दुसरा घ्यायचा. दिवसाला दोनशे बोळे. "मी सेनापतींच्या तोंडावर रोज थुंकतो आणि त्याचाच पगार घेतो," असं मी दारवानाला म्हणायचो आणि आम्ही दोघंही हसायचो. असं साफ करता करता त्यांचं तोंड माझ्या ओळखीचं झालं. शांत तोंड. ओठ मिटलेले, पण घट्ट नाहीत. डोळ्यांत कसली घाई नाही. आयुष्यात ज्याला आवाज चढवावा लागला नाही अशा माणसाचं तोंड. काजळीखालून ते वर आलं तेव्हा मला ते आवडलं, हे मी कबूल करतो. दुसऱ्या आठवड्यात मी खाली बाहीवर आलो, बाहीवरून मनगटावर, आणि त्या दिवशी दुपारी माझी थुंकीच वाळली.

करंगळी आत वळलेली होती. पेरांवर दाट केस. नखं चौकोनी, रुंद. आणि अंगठ्याच्या बुडाशी, मांसल भागावर, दातांचा अर्धगोल. चित्रकार मोठा प्रामाणिक माणूस असणार, त्याने पाचही दातांचे व्रण काढले होते. मी कापूस खाली ठेवला आणि माझा उजवा हात त्या हाताशेजारी धरला. व्रण सोडला तर तोच हात. घरी जाऊन आईला मी काही बोललो नाही. तिला वाटत होतं की बाबा आयुष्यभर थापा मारत आले, आणि ते तसंच राहू द्यावं असं मला वाटलं.

बाबा सेनापतींचे अर्दली होते. बूट चमकवायचे, पाणी तापवायचे, कोट झटकायचा, ही कामं. ते म्हणायचे, "चित्रात तोंड साहेबांचं आहे, हात माझा आहे." सेनापतींचे हात लहान होते म्हणे, गुबगुबीत, लहान मुलीच्या हातांसारखे, आणि त्यांना त्याची लाज वाटायची. ते नेहमी हातमोजे घालत किंवा हात पाठीशी बांधत. तोंडासाठी ते तीनदा बसले, पुढे त्यांना वेळ नव्हता. मोठ्या लोकांचं असंच असतं; उरलेलं अंग ज्याला कोट बसेल त्याच्यावरून काढतात. चित्रकाराने भीतभीत विचारलं, हात कुणाचे घेऊ? तेव्हा साहेब हसले आणि बाबांकडे हनुवटीने दाखवून म्हणाले, "ह्याचे काढा. कामं ह्यानंच केलीत." बाबा चार दिवस साहेबांचा कोट घालून टेबलाशी उभे राहिले. त्यांच्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे चार दिवस. पुढे सैन्य सुटलं, साहेब वारले, बाबा एका गोदामावर पहारेकरी झाले, लग्न झालं, मी झालो. गोदामावरून आले की ते जेवायच्या टेबलाशी बसायचे, बाटली काढायचे, आणि उजवा हात असाच समोर पसरून ठेवायचे. आम्ही दोघं, आई आणि मी, त्या हाताकडे बघत जेवायचो. तो हात टेबलावर आहे तोवर ठीक होतं. "हा साधा हात नाही," ते म्हणायचे. "हा भिंतीवर लावलेला हात आहे. कर्नल, मेजर, सगळे ह्याला सलाम करून मग घास उचलतात. आणि तू," हे आईला, "तू मला विचारतेस, उशीर का झाला?" मग हात टेबलावरून उठायचा.

आईचा डावा कान त्यातच गेला. उजव्या हाताने मारणारा समोर उभा असला की डाव्या कानावर बसते, त्यात काही विशेष नाही. मी सात वर्षांचा होतो. ती भांडं धुवत होती, त्यांनी हाक मारली, पाण्याच्या आवाजात तिला ऐकू गेली नाही. बस, एवढंच कारण. थापड बसल्याचा आवाज मला अजून येतो; ओल्या फरशीवर फळी आपटावी तसा. ती पडली नाही. नळ बंद केला, पदराने कान दाबला, आणि पदर लाल झाला तेव्हा मला म्हणाली, "जा, तू अभ्यासाला बस." मी अभ्यासाला बसलो. मी खरंच बसलो, आणि गणितं बरोबर सोडवली. नंतर ते माझ्यावर यायचे तेव्हा ती दारात उभी राहायची, दोन्ही हात चौकटीला लावून. बाबा ओरडायचे नाहीत. साहेबांकडून ते एवढं शिकले होते. हळू आवाजात म्हणायचे, "पूल मोकळा कर." ती हलायची नाही. मग ते करायचे मोकळा.

पुलाची गोष्ट पाठ्यपुस्तकात आहे तशी मला माहीत होती आणि बाबांच्या तोंडूनही माहीत होती. दोन्हींत फारसा फरक नाही. बाबांची जरा लांब होती, एवढंच. लढाई सकाळीच संपली होती. शत्रूचे दोनशेजण पुलावर उभे होते, बंदुका खाली टाकून, हात वर करून. दुपारपर्यंत आपल्या गाड्या पलीकडे न्यायच्या होत्या. साहेब पुलाच्या टोकाशी आले, हात पाठीशी, घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "पूल मोकळा करा." तेवढंच. गोळ्या वाचवायच्या होत्या. खाली नदी दगडांची. "दोघांनी उचलायचा, एकानं पाय, एकानं काखा," बाबा सांगायचे, पोती उतरवण्याचं सांगावं तसं. "मी एकटाच उचलायचो." एकजण कठड्याला लोंबकळत राहिला. बाबांनी वाकून त्याचं एकेक बोट सोडवलं, तेव्हा तो चावला. मान वर करून चावला, आणि दात तसेच रुतवून गेला. साहेबांनी तो हात पाहिला आणि स्वतःच्या रुमालाने बांधला. "स्वतःच्या रुमालानं," बाबा सांगायचे आणि त्यांचे डोळे भरून यायचे. त्यांना रडताना मी फक्त तेव्हाच बघितलंय.

पोलिसांनी आईला एक दिवस आणि एक रात्र ठेवून घेतलं. कुठल्या संघटनेची, कुणी पाठवलं, घरात कुणी पुलावर मेलं होतं का? मेलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. ती म्हणे एकच सांगत राहिली, "मला घरी पोचायला हवं, दूध तापवायचं राहिलंय." दुसऱ्या दिवशी मॅडमनी मधे पडून तिला सोडवलं. मॅडम वाईट बाई नाही. त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं, पाणी दिलं. "हे बघा, कर्नलसाहेब ऐकायला तयार नाहीत. राष्ट्रीय ठेव्याचं नुकसान, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी त्यांना एवढ्यावर आणलंय, की समारंभाला चित्र पहिल्यासारखं उभं राहिलं तर आपण तक्रार पुढे नेणार नाही. बारा दिवस आहेत. होईल?" मी म्हटलं, होईल. "सगळे टवके आहेत ना?" मी म्हटलं, एकशे सदतीस आहेत, सगळे डबीत आहेत. त्यांचा जीव भांड्यात पडला. "तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांना कल्पनाही नव्हती की किती खरं बोलताहेत.

आईला मी टॅक्सीतच सांगितलं. बारा दिवस, चित्र नीट झालं की सुटलीस. ती खिडकीतून बाहेर बघत होती, तिचा बहिरा कान माझ्याकडे, म्हणून मी मोठ्याने पुन्हा सांगितलं. ड्रायव्हरने आरशातून बघितलं. ती म्हणाली, "मला आत टाकलं तरी चालेल. तो हात परत लावू नकोस." मी हसलो. अगं, लावू नकोस म्हणजे काय, माझी नोकरी आहे ती. "तू तोंडावर थुंकतोस म्हणालास ना लोकांना? मग हाताला कशाला जपतोस?" हे तिला दारवानाने सांगितलं असणार, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मग घर येईपर्यंत ती एकदाच बोलली. "मला वाटायचं, थाप आहे," ती म्हणाली. "तीस वर्षं मी त्यावर तग धरला रे. मारतो तो मारतो, पण हा कुणीच नाही, ह्याच्या हाताला कुणी विचारत नाही, ह्या थापा आहेत, असं म्हणायचे मनात. आणि तिथं बघते तर खरंच. सोन्याच्या चौकटीत."

मी कामाला लागलो. कॅनव्हास उलटा टेबलावर पसरायचा, भिंगाखाली तुटलेला एकेक धागा सुईने सरळ करायचा, माशाच्या सरसाने त्याला त्याच्या दुसऱ्या टोकाशी जोडायचा. मनगटाच्या वारात तीनशेच्या वर धागे होते. तीन दिवस मी मान वर केली नाही. चौथ्या दिवशी चित्र सुलटं केलं आणि टवके लावायला घेतले, आणि आता लाजेची गोष्ट सांगतो. मला आनंद होत होता. तर्जनीचं नख पाच टवक्यांत होतं, ते जुळलं तेव्हा मी एकटाच "वा!" म्हणालो. शीर कुठून कुठे जाते हे बघायला मला फोटो लागत नव्हता, स्वतःचा हात दिव्याखाली धरला की झालं. चित्रातला हात माझ्या हातावरून पुन्हा तयार होत होता, बाबांवरून एकदा झाला तसा, आणि तो करणाराही तोच हात होता. दिवसाच्या शेवटी मी पाठ टेकून बसायचो आणि बघायचो, मनगट पुरं, दोन बोटं पुरी. केवढं बळ होतं त्या हातात! चित्रकाराने ते कसं पकडलं होतं! सेनापतींच्या शांत तोंडाला तो हात किती शोभत होता. जवळजवळ साठ वर्षं कुणाला शंका आली नाही, कारण शंका येण्यासारखं काही नव्हतंच. हात त्या तोंडाचाच होता.

आणि माझी बायको सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेली. एकदाच झालं होतं. मी हे सगळ्यांना सांगतो, एकदाच, जणू त्याला काही सूट मिळते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, मला बाहेर जायचं होतं, ती म्हणत होती, आधी उत्तर दे. कशाचं उत्तर, ते आता आठवतही नाही. तिचा ओठ दातावर फाटला. तिने रडारड केली नाही. माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्या आईकडे. आई उठली, आत गेली, आणि सुनेची बॅग भरायला लागली. साड्या, औषधं, तिचा टॉवेल, सगळं घडी घालून. खाली जाऊन टॅक्सी तिनेच आणली. पाच वर्षं मी आईशी त्याबद्दल धुसफुसत होतो. आपलीच आई अशी! थांब म्हणायचं सोडून बॅग भरते! माझ्या कामाचा एक नियम आहे, नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी शिकवतो. चित्राला जे जे लावाल ते उद्या काढता आलं पाहिजे. सरस असो, रंग असो, वार्निश असो. जे परत काढता येत नाही ते लावायचं नाही. हे मी भाषणात सांगतो आणि लोक वहीत लिहून घेतात.

दहाव्या दिवशी सकाळी फक्त अंगठा आणि त्याचं बूड राहिलं होतं. मी दारात बूट घालत होतो. आई स्वयंपाकघरातून आली आणि दाराच्या चौकटीत उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला. "कुठवर आलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, झालं, आज व्रण लावला की संपलं. ती म्हणाली, "नको लावूस." मी समजावलं. खरंच समजावलं, चांगल्या आवाजात. तुझ्यासाठीच करतोय, तुला तुरुंगात बघू का मी, ह्या वयात? "मला बघ तुरुंगात. त्याला भिंतीवर बघायची वेळ नको आणूस." अगं, तू कशाला जाणारेस बघायला? "मी नाही जाणार, तू बघशील. रोज बघशील. दहा दिवस बघतोयस, आरशात तोंड बघितलंस का? तो गोदामावरून यायचा तसा येतोस घरी." मला उशीर होत होता. कर्नल दहाला येणार होते. मी म्हटलं, सरक. ती हलेना. केवढीशी बाई, माझ्या छातीपर्यंत येत नाही, आणि तिचे ते सुरकुतलेले हात चौकटीला रुतलेले, मला एकदम असा संताप आला की कानांत घुमायला लागलं. मी ओरडलो नाही. मी हळू आवाजात म्हणालो, "पूल मोकळा कर."

माझ्या तोंडून ते निघालं. आणि हात वर होता. तो कधी गेला वर ते मला कळलं नाही, पण होता, खांद्याच्या वर, पंजा उघडा. आई ओरडली नाही, मागे सरली नाही, तिने हातही चौकटीवरून काढला नाही. तिने फक्त मान वळवली. पटकन, सवयीने, विचार न करता, डावा कान माझ्याकडे केला. जो आधीच गेलाय तो. चांगला वाचवला.

मी हात खाली घेतला. किती वेळाने, ते सांगता येणार नाही. तिने डोळे मिटलेले होते आणि ती वाट बघत होती, तिच्या मानेवर एक शीर उडत होती. मी "आई" म्हटलं, पण त्या कानात ते कुठून शिरणार. मग मी तिच्या पायांशी, दारातच, एका पायात बूट घालून बसलो, आणि मला ओकारी आली, आणि तिने डोळे उघडून, जमिनीवर पाणी टाकून, फडक्याने ते पुसून काढलं. दार मोकळं झालं होतं. मी दुसरा बूट घातला आणि कामावर गेलो.

जाऊन मी दार आतून लावलं. लावलेले टवके काढायला सरसावर कोमट पाणी पुरतं. परत काढता येतं तेच लावायचं, मी नियम पाळला होता. तर्जनीचं नख, पेरं, शिरा, करंगळी, एकेक सुटत गेलं. बाहेरून कर्नलांची काठी दारावर वाजली, मी म्हटलं, सरस ओला आहे, उद्या या. सगळे टवके डबीत गेले. मग उघड्या कॅनव्हासवर मी पांढरं भरण घातलं, सपाट केलं, आणि त्यावर साधा करडा रंग दिला. आमच्यात हे चालतं. मूळ रंग उरला नसेल तर अंदाजाने काही काढायचं नाही, करडी जागा सोडायची, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की इथं काहीतरी होतं. हाताचा आकार राहिला, हात राहिला नाही. मग मी अहवाल लिहायला बसलो. 'सुरी मी उघडी ठेवली होती. पुढे दुरुस्तीच्या वेळी रंगाचे सर्व टवके माझ्या हातून नष्ट झाले. ह्या नुकसानीला मी एकटा जबाबदार आहे.' खाली सही केली. मॅडमनी तो उभ्या उभ्या वाचला. "तुमच्या हातून?" त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांत तुमच्या हातून एक टवका गेला नाही." मी म्हटलं, ह्या वेळी गेला. त्यांनी चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या उजव्या हाताकडे जरा जास्त वेळ बघितलं. हुशार बाई आहे. "समारंभ झाला की तुम्हांला ह्या टेबलावर बसता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मला तुम्हांला खाली कोठारात पाठवावं लागेल." मी म्हटलं, चालेल.

समारंभाला मी मागे, खांबाशी उभा होतो. पडदा सरकला, टाळ्या झाल्या. सेनापती स्वच्छ, उजळ, शांत उभे होते. मला वाटलं, आता गहजब होणार. कर्नल माईकशी गेले, चित्राकडे वळून क्षणभर बघत राहिले आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "करड्या हातमोज्यातला हा हात पाहा! ह्याच हातानं पूल मोकळा केला!" लोक उभे राहिले. पोरं फोटो काढायला लागली. माझ्या शेजारी दारवान होता, तो कुजबुजला, "साहेब, हातमोजा आधी होता का हो?" मी म्हटलं, नव्हता. तो म्हणाला, "छान दिसतो पण." आईची तक्रार तिथंच बारगळली, मॅडमनी फाइल बंद केल्याचं मला जिन्यातच सांगितलं.

दुपारी घरी गेलो. आई टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. मी डबी खिशातून काढली आणि तिच्यापुढे ठेवली. मीच झाकण काढलं. तिने चष्मा लावला, वाकून बघितलं, मग बोटाच्या टोकाने टवके जरा हलवले. तांबूस, तपकिरी, एका तुकड्यावर केस, एका तुकड्यावर दोन दात. सगळे मिळून चमचाभरही नव्हते. "एवढाच?" ती म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. "एवढाच होता?" मी मान हलवली. तिने डबी माझ्याकडे सरकवली. "तूच टाक," ती म्हणाली. मी बेसिनशी गेलो, नळ सोडला, डबी उपडी केली, आणि चिकटलेले दोन टवके उजव्या हाताच्या करंगळीने खरवडून काढले. पाणी जरा वेळ तांबूस गेलं, मग नुसतं पाणी. नळाच्या आवाजातच, तिच्याकडे पाठ करून, मी म्हटलं, "तिला फोन करू का? परत ये म्हणून नाही. नुसतं, माझं चुकलं, एवढं सांगायला." मागून काही आलं नाही. मी नळ बंद केला आणि वळलो. आईने शेंग खाली ठेवली होती आणि मान वळवून माझ्याकडे कान केला होता, उजवा. "काय म्हणालास?" तिने विचारलं. "नीट सांग."

मी नीट सांगितलं.